घरची मत्ता आणि पेढीची मत्ता

लुका पाचोली या फ्रान्सिस्कन भिक्षूचा गणितविषयक ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यावर नावे आणि दुसऱ्यावर जमा लिहिण्याच्या रीतीचे, पहिले छापील विवेचन त्यात आढळते. वह्या उघडण्यापूर्वी व्यापाऱ्याने आपल्या मालकीच्या सर्व वस्तूंची यादी करावी, आणि जे मौल्यवान व हरवण्याजोगे ते आधी लिहावे, असे पाचोली सांगतो. त्याने दिलेल्या नमुना यादीवर ८ नोव्हेंबर १४९३ ही तारीख आहे. रोकड, माणके, मोती, अंगावरचे कपडे, चांदीची भांडी, चादरी, पिसांच्या गाद्या, मसाल्याचा माल, कातडी, घर, जमीन, सरकारी कर्जरोख्यांतील ठेव आणि शेवटी येणे-देणे, असा यादीचा क्रम आहे. गादी आणि मसाला एकाच यादीत बसावेत यात त्या काळी कोणाला वावगे वाटले नसावे, कारण धंद्यातील देणे थकले तर सावकार घरातील गादीही नेऊ शकत होता, आणि धनको पाहील तेवढी सारी मालमत्ता वहीत असणे हाच व्यवहारी शहाणपणा होता. घरखर्चाचे खातेसुद्धा वर्षअखेरीस नफातोट्यालाच मिळत असे.

ही एकत्र यादी फुटली ती मर्यादित जबाबदारीच्या कायद्यांनी, म्हणजे भागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच राहील या तत्त्वाने. इंग्लंडमध्ये हे तत्त्व १८५५ साली आणि हिंदुस्थानात १८५७ साली कायद्यात आले, आणि आरोन सॉलोमन या बूट-व्यापाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ साली असा निर्णय दिला की एकाच माणसाच्या मुठीतील कंपनीही त्याच्याहून वेगळी व्यक्ती होय. पुढे लेखाशास्त्राने मत्तेची व्याख्या या वेगळ्या व्यक्तीपुरतीच केली. आंतरराष्ट्रीय लेखामानकांच्या २०१८ च्या संकल्पनात्मक चौकटीनुसार, भूतकाळातील घटनांमुळे संस्थेच्या नियंत्रणात आलेले विद्यमान आर्थिक साधन म्हणजे मत्ता; मालकाच्या घरातील गादी त्या ताळेबंदात येण्याचे कारणच उरले नाही.

घराच्या बाजूने मात्र कोणती वस्तू मत्ता मानावी हा प्रश्न सुटला नाही, आणि भारतात तो करकायद्यांना सोडवावा लागला. १९५७ च्या संपत्ती-कर कायद्यात घरगुती वापराच्या वस्तूंना सूट होती. दागिना हाही वापराचीच वस्तू, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली मान्य केल्यावर संसदेने १९७१ मध्ये पूर्वलक्षी दुरुस्ती करून दागिन्यांची सूट काढून घेतली. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही ‘भांडवली मत्ता’, म्हणजे जी विकल्यास नफ्यावर कर लागतो ती, या संज्ञेतून वैयक्तिक वापराच्या वस्तू वगळल्या होत्या, पण या वगळलेल्या वस्तूंमधूनही दागिने १ एप्रिल १९७३ पासून बाहेर काढले गेले. धोलपूरच्या संस्थानिकांच्या प्रकरणात लक्ष्मीपूजनात मांडल्या जाणाऱ्या सोन्याच्या मोहरा व चांदीच्या लगडी वैयक्तिक वस्तू आहेत, हा दावा न्यायालयाने १९७६ साली फेटाळला. वर्षातून एकदा पूजेला मांडणे म्हणजे वापर नव्हे, ही भूमिका कायद्याच्या दृष्टीने पटणारी असली, तरी अनेक घरांत सोन्याचा खरा उपयोग अडीअडचणीला गहाण ठेवण्याचा असतो, आणि त्या उपयोगाला या वर्गीकरणात जागाच नाही.

सराफाच्या बाबतीत ही विभागणी अधिक ठळक दिसते. पेढीवर विक्रीसाठी ठेवलेली पाटली हा मालसाठा असतो. ताळेबंदात ती लिहिली जाते, पण कायद्याच्या अर्थाने ती भांडवली मत्ता नव्हे, आणि तिच्या विक्रीवरील नफा धंद्याचे उत्पन्न धरला जातो. तीच पाटली सराफाने घरी वापरायला नेली, तर पेढीच्या वहीत ती मालकाची उचल म्हणून खर्ची पडते, आणि घरात मात्र ती त्याच क्षणापासून भांडवली मत्ता होते, जरी ज्या कपाटात ती ठेवली जाईल ते कपाट भांडवली मत्ता मानले जात नाही.