हृदयशस्त्रक्रियेपूर्वी स्टॅटिन औषधे

स्टॅटिन हा रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा गट आहे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारे एक विकर ही औषधे रोखतात. मग यकृत रक्तातले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) अधिक प्रमाणात ओढून घेते. अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही भारतात नेहमी लिहून दिली जाणारी दोन. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये पहिले स्टॅटिन पेनिसिलियम कुळातील बुरशीतून मिळवले.

बायपासच्या रुग्णाला धमनीविकार आधीपासून असतोच. त्यामुळे बहुतेकांची ही गोळी शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वीच सुरू असते. प्रश्न होता तो शस्त्रक्रियेच्या तोंडावर तिचा वेगळा फायदा होतो का, हा. हार्ट-लंग मशीनवर रक्त फिरवल्याने शरीरात दाह वाढतो आणि स्टॅटिन दाह कमी करते, म्हणून आशा होती. २००६ मध्ये इटलीतील २०० रुग्णांच्या चाचणीने ती वाढवली. आठवडाभर आधी रोज ४० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित धडधड) ३५ टक्क्यांना झाले, इतरांत ५७ टक्क्यांना.

मोठ्या चाचणीत ही आशा टिकली नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत १,९२२ रुग्ण होते. रोसुवास्टॅटिनमुळे ना धडधड कमी झाली, ना हृदयस्नायूची इजा. उलट मूत्रपिंडाला तात्पुरती इजा २४.७ टक्क्यांना झाली. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण १९.३ टक्के होते. त्यामुळे केवळ शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडावे म्हणून ऐनवेळी मोठा डोस सुरू करण्याला आता आधार उरलेला नाही. चालू असलेली गोळी बंद करण्यालाही मात्र तो नाही.

व्यवहारात घोळ होतो तो इथेच. चाकण-भोसरीच्या कारखान्यातल्या कामगाराची बायपास थेरगावच्या आदित्य बिर्ला रुग्णालयात ठरो वा पुण्यात, रक्त पातळ करणारे क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवायला सांगतात. भारतात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. ती कॅप्सूल बंद केली की स्टॅटिनही नकळत बंद होते. अशा वेळी अ‍ॅटोर्वास्टॅटिनची सुटी गोळी वेगळी लिहून द्यावी लागते; अ‍ॅस्पिरिनचे काय करायचे, तेही शल्यविशारदाने चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले बरे. भरती होताना रुग्णाने नुसते ‘बीपीची आणि हृदयाची गोळी’ असे सांगण्याऐवजी स्ट्रिपच दाखवली, तर हा घोळ लगेच ध्यानात येतो.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण गिळू लागला की गोळी पुन्हा सुरू होते आणि सहसा कायम चालते. पायातून काढून हृदयावर जोडलेली शीर कालांतराने आतून अरुंद होते. एलडीएल बरेच खाली ठेवल्यास ही प्रक्रिया मंदावते, हे १९९७ च्या अमेरिकी चाचणीत दिसले. स्नायू सतत दुखू लागले तर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात.