यंत्रावरचे दहा राग



जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाने संगीतावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते मुंबईचे चरणजित सिंग हेही रोजावर वाजविणारे वादकच होते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी वर्षानुवर्षे गिटार वाजविली. गाणे घराघरांत पोचे. वादकाचे नाव मात्र तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच येई.

१९८२ साली एच. एम. व्ही. ने त्यांच्या नावाची तबकडी काढली. दहा राग आणि पाठीशी डिस्कोचा ठेका! तबलजी नाही, सारंगिया नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन विद्युत्-वाद्ये. 'टीआर-८०८' ठेका धरी, 'ज्युपिटर-८' वर राग वाजे आणि 'टीबी-३०३' खर्ज सांभाळी. हे तिसरे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून निघालेले. त्याच्या १६ घरांत स्वर आगाऊ भरून ठेवावयाचे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. आपल्या कानाला ती मींडेसारखी लागते. सिंगांनी ती ललत, तोडी, मालकंस यांच्या सेवेला लावली.

तबकडी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या 'फ्यूचर' या तरुणांच्या चमूने त्याच यंत्रातून 'अ‍ॅसिड हाऊस' नावाचे नृत्यसंगीत काढले, ते जगभर गाजले. २०१० साली एका डच संग्राहकाने मुंबईची तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा रसिकांनी तोंडात बोट घातले. शिकागोने मुंबईचे उचलले, असे मी म्हणत नाही. हत्यार एक, हात दोन ठिकाणचे, एवढेच.

आता माझा प्रश्न. अशाच वाद्यांनी पुढे चित्रपटसृष्टीतील व्हायोलिनवादकांच्या रांगा रिकाम्या केल्या. सिंगांच्या तबकडीवरही तबलजीला जागा नव्हती, हे विसरून कसे चालेल? आमच्याकडे नवे यंत्र आले तेव्हा रेच्यांत कापूस टाकणाऱ्या बायकांची रोजी गेली. मी फाटकावर उभा राहून यंत्राच्या नावाने शंख केला. आज वाटते, शंख चुकीच्या दिशेला केला. सिंगांचे यंत्र त्यांच्या हाती होते, काय वाजवायचे ते त्यांनी ठरविले. म्हणून ते वाद्य झाले. त्या बायकांना कोणी काही विचारलेच नव्हते.

सिंग २०१५ साली मुंबईत वारले. अखेरच्या वर्षांत युरोपातील तरुणांपुढे त्यांनी हेच राग वाजविले, आणि त्या वेळी नाव त्यांचेच होते.