मॉस्कोला निघालेले यंत्र लक्झेंबर्गमध्ये का अडले?

१/ शीतयुद्धाच्या काळात कारखान्यातले यंत्रही शस्त्राइतकेच संशयास्पद ठरू शकत असे. असेच एक यंत्र पॅरिसहून मॉस्कोला निघाले आणि वाटेत लक्झेंबर्गमध्ये जप्त झाले. त्यातून उद्भवलेला प्रश्न असा : माल ज्याच्या हद्दीतून फक्त पुढे जाणार आहे, त्या देशाला तो अडवण्याचा अधिकार असतो का?

२/ आधी पार्श्वभूमी. १९४९ मध्ये अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी 'कोकॉम' ही समिती स्थापन केली. सोव्हिएत गटाला काय विकू नये, याच्या याद्या ती ठरवी. त्यांत शस्त्रांसोबत नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांसाठी वापरता येणारी सामग्रीही असे. अंमलबजावणी मात्र प्रत्येक देश आपापल्या कायद्याने करी.

३/ दुसरीकडे, १९५७ च्या रोम कराराने युरोपीय आर्थिक समुदायात मालाच्या मुक्त संचाराचा पाया घातला. १९८३ मध्ये त्रिएस्त बंदरातील तेलवाहिनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने समुदायाच्या हद्दीतून माल पुढे नेण्याचे, म्हणजेच पारगमनाचे, स्वातंत्र्यही मान्य केले.

४/ ही दोन तत्त्वे एमे रिशार यांच्या प्रकरणात समोरासमोर आली. त्यांच्या फ्रेंच कंपनीने सोव्हिएत खरेदी संस्थेला 'बबल मेमरी' निर्मितीची सामग्री पुरवण्याचा करार केला होता. चुंबकीय बुडबुड्यांत माहिती साठवणारी ही स्मृती धक्के सोसत असल्याने लष्करी उपकरणांतही वापरली जाई. सामग्रीतील एक यंत्र अमेरिकी बनावटीचे होते.

५/ फ्रान्समध्ये निर्यातीचे सोपस्कार झाले. पण मॉस्कोचे विमान रद्द झाले. माल ट्रकने लक्झेंबर्गच्या विमानतळावर आणला गेला. तेथील कायद्यानुसार सामरिक मालाच्या पारगमनासाठी विशेष परवाना लागे. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी यंत्र ताब्यात घेतले आणि पुढे ते सरकारजमा करण्याचा आदेश निघाला.

६/ वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. एका सदस्य राष्ट्रात तयार झालेला पारगमनाचा दस्तऐवज साऱ्या समुदायात चालत असेल, तर आणखी परवाना कशाला? ४ ऑक्टोबर १९९१ रोजी न्यायालयाने उत्तर दिले : रोम कराराच्या ३६ व्या कलमातील 'सार्वजनिक सुरक्षा' या संज्ञेत देशाची बाह्य सुरक्षाही येते; म्हणून सामरिक मालासाठी असा परवाना मागता येईल.

७/ परंतु निकालाचा उत्तरार्ध तितकाच मोलाचा आहे. परवाना नसल्याबद्दलची कारवाई उद्दिष्टाच्या प्रमाणात हवी. माल मूळ सदस्य राष्ट्रात परत पाठवून काम भागत असेल, तर तो सरकारजमा करणे अतिरेकी ठरू शकते. मालाचे स्वरूप आणि व्यापाऱ्याचा प्रामाणिकपणा तपासण्याचे काम राष्ट्रीय न्यायालयावर सोपवण्यात आले.

८/ या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मार्च १९९४ मध्ये कोकॉमही बंद झाली. ज्या भयापोटी यंत्र अडवले गेले, ते भय खटल्याबरोबरच सरले. प्रमाणाची कसोटी मात्र मागे उरली. सुरक्षेचे नाव घेऊन राज्यसंस्थेला माल थांबवता येतो, पण त्या नावाखाली वाटेल ते करता येत नाही, हा या प्रकरणाचा खरा वारसा.