सशातील मस्तिष्कावरणदाह प्रारूप

सशातील मस्तिष्कावरणदाह प्रारूप ही जीवाणुजन्य मस्तिष्कावरणदाहावर, म्हणजेच मेनिंजायटिसवर, प्रतिजैविकांचा परिणाम तपासण्याची प्रायोगिक पद्धत आहे. राल्फ डेसी व मर्ल सँड या अमेरिकी संशोधकांनी ती १९७४ मध्ये वर्णिली.

== पद्धत ==
सशाला भूल देऊन त्याचे डोके चौकटीत स्थिर करतात आणि कवटीच्या मागील तळाशी असलेल्या मस्तिष्कमेरुद्रवाच्या पोकळीत सुईने जीवाणू सोडतात. संसर्ग रुजल्यावर शिरेतून औषध दिले जाते. त्यानंतर ठरावीक अंतराने द्रव काढून त्यातील औषधाचे प्रमाण व जिवंत जीवाणूंची संख्या मोजतात. उंदरातून इतका द्रव वारंवार मिळत नाही. सशाची निवड मुख्यतः यासाठीच होते.

== औषधप्रतिरोध ==
मस्तिष्कमेरुद्रवात प्रतिपिंडे व पूरक प्रथिने अत्यल्प असतात, त्यामुळे जीवाणू मारण्याचे काम जवळजवळ एकट्या औषधावर पडते. पेनिसिलिनवर्गीय औषधांचे द्रवातील प्रमाण किमान जीवाणुनाशक प्रमाणाच्या निदान दहापट असावे लागते, असे या प्रयोगांतून दिसले. प्रतिरोधी जीवाणूंबाबत हे अंतर गाठणे अवघड जाते. बहुऔषधप्रतिरोधी न्यूमोकोकस १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आढळल्यावर हा प्रश्न तीव्र झाला. सेफट्रायॅक्सोन व व्हॅन्कोमायसिन एकत्र दिल्यास प्रतिरोधी न्यूमोकोकसवर एकेकट्या औषधापेक्षा अधिक परिणाम होतो, हे १९९० च्या दशकात सशांवर दिसून आले. प्रतिरोधाची शक्यता असते तेथे ही जोडी आज प्राथमिक उपचार म्हणून वापरली जाते.

== डेक्सामेथासोनचा पेच ==
व्हॅन्कोमायसिन मेंदूच्या आवरणांतून पार होते ते प्रामुख्याने दाहामुळे. डेक्सामेथासोन हा दाह कमी करते. सशांमध्ये त्यामुळे द्रवातील व्हॅन्कोमायसिन घटले व जीवाणूंचा नाश लांबला. दुसरीकडे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत याच स्टेरॉइडने प्रौढ रुग्णांचे मृत्यू कमी केले. एक औषध वाचवते आणि दुसऱ्याची वाटही अडवते, असा हा पेच होता. सेफट्रायॅक्सोनसोबत रिफॅम्पिसिन दिलेल्या सशांत मात्र असा विलंब दिसला नाही. पुढे २००७ मधील फ्रेंच अभ्यासात, व्हॅन्कोमायसिन मोठ्या मात्रेत सतत शिरेतून दिल्यास डेक्सामेथासोन चालू असूनही रुग्णांच्या द्रवात ते पुरेसे पोहोचते, असे आढळले.

== मर्यादा ==
ससा अनेक प्रतिजैविके माणसापेक्षा लवकर उत्सर्जित करतो, म्हणून मात्रा जशीच्या तशी रुग्णाला लागू होत नाही. शिवाय प्रयोगात जीवाणू थेट द्रवात सोडले जातात. माणसात ते बहुधा नाक-घशातून रक्तामार्गे तेथे पोहोचतात. संसर्गाचा हा आरंभीचा टप्पा या प्रारूपात अभ्यासता येत नाही.