रिंगणाची धाव आणि चित्रणाची गती

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेला देहूचा पालखी सोहळा बारामतीचा मुक्काम हलवून निघाला की काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला अश्वांचे पहिले गोल रिंगण लागते. पताकावाले, तुळशीवाल्या बाया आणि विणेकरी धावून झाल्यावर स्वाराचा अश्व आणि पाठ रिकामी असलेला देवाचा अश्व असे दोन्ही सुटतात, आणि डोळा स्थिरावतो न स्थिरावतो तोच वारकरी टापांखालची माती कपाळी लावू लागतात. एवढ्या वेगाचे दृश्य घरच्या चित्रणात नीट उतरवायचे, तर गतीचे शास्त्र समजून घ्यावेच लागते.

या शास्त्राचा आरंभही घोड्यापासूनच झाला. दौडत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात, हे एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या १२ कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. याच्या उलट वाटेने दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. वाटाण्याच्या रोपाची एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिरचित्र, अंतराअंतराने टिपून त्यांनी कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत असल्यामुळे गती ही मुख्यतः चित्रण करणाऱ्याच्या मनगटात होती. बोलपट आले तेव्हा ध्वनीशी मेळ राखण्यासाठी ती सेकंदाला २४ फ्रेमवर बांधली गेली, आणि भारतीय दूरचित्रवाणीने पुढे २५ फ्रेमचे मान स्वीकारले.

लग्नाच्या शूटिंगची व्हीएचएस कॅसेट घरोघरी आली, तरी साध्या व्हीसीआरवर गती मंदावली की चित्रावर पट्टे उठत. संगणकावरील संकलनाने ही अडचण दूर केली, पण नवशिक्याची खरी फसगत तेव्हापासूनच सुरू झाली, असे म्हणावे लागते. सेकंदाला २५ फ्रेमने टिपलेली दौड ५० टक्के गतीवर आणली, तर नवी हालचाल कोठूनही येत नाही. तीच फ्रेम दोनदा दिसते आणि अश्व ठेचकाळत धावल्यासारखा वाटतो. मधल्या फ्रेम अंदाजाने रचून देणारी सोयही एकमेकांना छेदणारे पाय, फडकत्या पताका आणि धूळ यांपुढे हतबल होते, आणि टापा मातीत विरघळल्यासारख्या दिसतात. म्हणून मंदगतीचा निर्णय चित्रणाआधीच घ्यावा लागतो: सेकंदाला १०० फ्रेम टिपल्या, तर २५ च्या मानाने दौड चौपट संथ आणि तरीही सलग दिसते, मात्र प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला येणारा प्रकाश घटतो, आणि आषाढाच्या ढगाळ दुपारी ही उणीव विशेष जाणवते.

ध्वनीचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. गती निम्मी केली की, सूर राखण्याची सोय वापरली नसेल तर, आवाज एक सप्तक खाली उतरतो, टाळांची किणकिण बोदी होते आणि मृदंगाची थाप हरवते. त्यामुळे चित्र संथ करतानाही नामघोषाचा ध्वनी त्यापासून सुटा करून मूळ लयीतच ठेवणे इष्ट ठरते.