सगळेच डावखुरे

औशाचा किल्ला काळ्या दगडाचा. आमच्या भागात वाडे, विहिरी, देवळं सगळंच या दगडाचं, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष कौतुक नाही. १९९३ च्या भूकंपानंतर औसा तालुक्यातल्या किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर मारलं, तेव्हा हा बेसॉल्ट सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. आता दगडाचा जन्मदाखला तहसील कचेरीत तर मिळत नाही. मग हे वय काढतात कसं?

दगडात थोडं पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग, दर दहा हजारांत जेमतेम एक अणू, पोटॅशियम-४० या जातीचा. हे अणू फार सावकाश मोडतात. निम्मे संपायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. त्यातल्या काहींचं केंद्रक स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतं, एक न्यूट्रिनो बाहेर टाकतं आणि आर्गॉन होतं. लाव्हा पातळ असतो तोवर आर्गॉन वायू निसटून जातो. थिजल्यावर अडकून साठायला लागतो. साठलेला आर्गॉन मोजला की वय कळतं.

हे घड्याळ चालवणारं बल म्हणजे वीक न्यूक्लिअर फोर्स, मराठीत क्षीण बल. नावाने क्षीण, पण सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होण्याची पहिली पायरी यानेच पार पडते. आपल्या ताटातल्या तुरीच्या डाळीतही पोटॅशियम असतं, म्हणजे तिथेही याचं काम चालूच. आज लिहायचंय ते या बलाच्या एका विचित्र स्वभावाबद्दल, आणि तो स्वभाव नेमका ओळखणाऱ्या एका विद्यार्थ्याबद्दल.

स्वभाव असा, की हे बल डावं-उजवं करतं. कण पुढे जाताना स्वतःभोवती फिरतो असं समजा. साधा स्क्रू आवळताना जसा फिरत पुढे जातो तसा फिरला, तर कण उजवा. उलटा फिरला, तर डावा. गणपतीची मूर्ती आरशात पाहिली की डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा दिसतो. उजव्या सोंडेचा गणपती दुर्मिळ असेल, पण असतो. न्यूट्रिनोंचं तसं नाही. जे सापडतात ते सगळे डावे. प्रतिन्यूट्रिनो बरोबर उलट, सगळे उजवे. आरशातल्या न्यूट्रिनोला खऱ्या जगात जोडीदारच नाही!

१९५६ पर्यंत हे फारसं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निसर्गाला डावं-उजवं कळत नाही, हे जवळजवळ सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. शंका आली ती के-मेसॉन नावाच्या कणांमुळे. दोन कण सगळ्या बाबतीत जुळे, फक्त मोडण्याची पद्धत अशी वेगळी की आरशाचा नियम खरा असेल तर ते एकच असू शकत नाहीत. ली आणि यांग यांनी १९५६ साली विचारलं, की क्षीण बलाच्या बाबतीत हा नियम कुणी तपासलाय का? नव्हता तपासला! चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६० जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड करून, चुंबकाने त्याची केंद्रकं एका दिशेला वळवली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. ते एका बाजूला जास्त निघाले. नियम मोडला. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना मिळालं. वूबाईंना नाही.

या गोष्टीत मुंबई येते ती इथे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च कुलाब्याला नव्हती, गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे वैश्विक किरणांच्या प्लेट्सवर अशा अनोळखी कणांचे माग शोधले जात. १९५२ साली केरळमधल्या कोट्टायमकडचा एक तरुण तिथे रुजू झाला, ई. सी. जॉर्ज सुदर्शन. पॉल डिरॅक मुंबईत व्याख्यानं द्यायला आले, तेव्हा त्या व्याख्यानांच्या नोट्स काढणाऱ्या दोघांपैकी एक सुदर्शन होते. १९५५ साली ते रॉबर्ट मार्शाक यांच्याकडे पीएचडी करायला अमेरिकेत रोचेस्टरला गेले.

प्रश्न असा होता. आरसा फुटला हे कळलं, पण नियम काय? सापेक्षतेच्या चौकटीत क्षीण बलाला पाच रूपं शक्य होती. त्यातली दोन आपल्या कामाची. व्हेक्टर म्हणजे वेगासारखं. सगळ्या दिशा उलट केल्या की चिन्ह बदलतं. अ‍ॅक्सियल म्हणजे फिरकीसारखं. चिन्ह बदलत नाही. एकातून दुसरं वजा केलं, तर उलट्या जगात वजाबाकीची बेरीज होते आणि दोन जगं वेगळी पडतात. दोन्ही समसमान असतील, तर फक्त डाव्या कणांना प्रवेश. हाच तो ‘व्ही वजा ए’ सिद्धांत.

अडचण एवढीच, की प्रयोग वेगळंच सांगत होते. हेलियम-६ वरच्या एका गाजलेल्या प्रयोगानुसार तर रूप टेन्सर होतं.

सुदर्शननी काय केलं? आपल्या भाषेत सांगायचं तर सगळे टेस्ट रिझल्ट्स समोर मांडले. सगळ्या क्षीण प्रक्रियांना एकच नियम लागू व्हायचा असेल, तर कुठलं रूप चालतं? फक्त व्ही वजा ए. आणि तेच खरं असेल, तर चार प्रयोग चुकलेले असायला हवेत. ते कुठले, हे त्यांनी आणि मार्शाकनी नाव घेऊन सांगितलं.

मला यातलं हेच फार आवडतं. टेस्ट फेल झाली की ‘टेस्टच चुकीची आहे’ म्हणणारे आपल्या प्रत्येक टीममध्ये असतात :) पण कुठल्या चार, का चार, आणि पुन्हा चालवल्यावर काय निकाल येईल, हे आधी सांगून मान पुढे करणारे किती? चारांतला एक जरी प्रयोग ठाम उभा राहिला असता, तरी सिद्धांत संपला असता. प्रयोग पुन्हा झाले. चारही चुकलेले निघाले. पायॉन मोडून इलेक्ट्रॉन निघत नाही असं वाटत होतं, तर १९५८ साली सर्नमध्ये तेच दिसलं. त्याच सुमाराला ब्रूकहेवनच्या गोल्डहाबर यांच्या गटाने न्यूट्रिनो डावाच असतो हे दाखवलं. म्हणजे औशाच्या दगडात पोटॅशियमपासून आर्गॉन झालेल्या प्रत्येक अणूमागे एक डावखुरा न्यूट्रिनो निघून गेलाय.

आता श्रेयाचं. एप्रिल १९५७ च्या रोचेस्टर परिषदेत सुदर्शन विद्यार्थी म्हणून बोलू शकले नाहीत, आणि मार्शाकांचं भाषण दुसऱ्याच विषयावर होतं. जुलैत दोघांनी कॅलिफोर्नियात गेलमनना भेटून सगळं सांगितलं. सप्टेंबरमध्ये इटलीतल्या पादुआ-व्हेनिस परिषदेत मांडलं. पण परिषदेचे वृत्तांत कितीजण वाचणार? दरम्यान फाइनमन आणि गेलमन यांचा याच सिद्धांतावरचा पेपर १ जानेवारी १९५८ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये छापून आला, आणि जग त्यांचंच नाव घेऊ लागलं. पुढे १९६३ साली फाइनमननी स्वतः मान्य केलं, की सिद्धांत शोधला सुदर्शन-मार्शाक यांनी, आपण दोघांनी त्याला प्रसिद्धी दिली.

याच सिद्धांताच्या पायावर उभ्या राहिलेल्या कामाला १९७९ साली नोबेल मिळालं. ते ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना. सुदर्शन २०१८ साली टेक्सासमध्ये वारले. नोबेल नाहीच.

थोडक्यात काय, तर काम वेळेवर रिलीज करावं, हा धडा यात आहेच. पण तो दुय्यम. छापायला उशीर झाल्याने श्रेय वाटलं गेलं, नियम मात्र बदलला नाही. पंचविशीतल्या एका मुलाने चार प्रयोगांची नावं घेऊन सांगितलं की हे चुकलेत, आणि ते खरंच चुकले होते. एवढी कमाई कुठल्या पदकाने वाढत नाही, की कमीही होत नाही.