रायपूर–धमतरी रेल्वे : जंगलमालापासून राजिमच्या यात्रेपर्यंत

रायपूर : शहरातील गुढियारी भागाला लागून असलेल्या रायपूर स्थानकातून एकेकाळी महानदीच्या खोऱ्याकडे अरुंदमापी गाडी धावत असे. बंगाल-नागपूर रेल्वेने उभारलेला हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग १९०० मध्ये खुला झाला. त्या वेळी रायपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरहून राजनांदगावपर्यंत १८८० च्या दशकारंभी आलेला लोहमार्ग याच कंपनीने पुढे ताब्यात घेऊन रुंदमापी केला. धमतरीचा मार्ग त्याचीच उपशाखा होता.

सिहावा परिसरातील वनांचे लाकूड, तांदूळ, हिरडा व लाख हा माल मुख्य मार्गापर्यंत आणणे, हा त्याचा प्रमुख हेतू होता. अभनपूरहून फुटणारा फाटा राजिमला जात असे. महानदी, पैरी व सोंढूर यांच्या संगमावरील राजीवलोचन मंदिर आणि माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत भरणारी जत्रा यांमुळे या फाट्यावर भाविकांची वर्दळ असे.

रायपूरला प्रत्येक डब्यातील माल उतरवून रुंदमापी गाडीत पुन्हा भरावा लागे. रस्ते सुधारल्यावर ही दुहेरी हाताळणी मालमोटारींपुढे परवडेनाशी झाली. कमी भाड्यामुळे प्रवासी गाडी मात्र ग्रामस्थांचा आधार राहिली.

गेल्या दशकात शहरातील रूळ उखडून त्या जागेवर द्रुतगती मार्ग बांधण्यात आला. केंद्री–धमतरी आणि अभनपूर–राजिम हा सुमारे ६७ किलोमीटरचा मार्ग रुंदमापी करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. मंदिर हसौद व नवा रायपूरमार्गे अभनपूरची मेमू सेवा ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ती राजिमपर्यंत वाढविण्यात आली.

नवा मार्ग पूर्वेकडून वळसा घेत असल्याने तेलीबांध्यासारखे शहराच्या मध्यातील थांबे मात्र कायमचे गेले. बाजारहाट व मजुरीसाठी थेट शहरात उतरणाऱ्यांना आता अन्य वाहनाचा आधार घ्यावा लागतो. अरुंदमापी रेल्वेचा वारसा नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात पाहता येतो. रायपूर शहरात तिचा माग आता द्रुतगती मार्गाच्या आखणीतच उरला आहे.